जुन्या मोटारीतील वीजदोष : पार्ट बदलण्याआधी जोड तपासा

पेण आणि रोहा परिसरातील व्यापारी बंधूंना जुनी मोटार ही चैनीची नव्हे, कामाची वस्तू आहे. पेणहून वडखळ, नागोठणे करीत रोह्यास माल पोहोचवायचा, उधारी वसूल करायची आणि रात्री परत यायचे, हा अनेकांचा रिवाज. अशा वाटेवर सेल्फ फिरला नाही किंवा भर पावसात दिवे मंदावले तर दिवसाचा धंदा बुडतोच, जीवालाही धोका होतो. म्हणून जुन्या गाडीतील विजेचे दोष कसे शोधावेत, याविषयी गाडीमालक आणि कारागीर या दोघांसाठी आम्ही येथे थोडी माहिती देत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी २००० सालच्या सुमारास बंद झाली. अॅम्बेसेडर आणि मारुती ८०० यांची निर्मिती २०१४ मध्ये थांबली. या गाड्यांचे मूळ पार्ट मिळणे दिवसेंदिवस कठीण होत आहे. अशा वेळी अंदाजाने चांगला डायनामो काढून बाजारातला हलका माल बसविणे म्हणजे पैसे देऊन दोष विकत घेणे होय. दोष आधी शोधावा, पार्ट मागाहून बदलावा.

कोकणची हवा आणि गाडीचा अर्थ

मोटारीत बॅटरीचे एक टोक तारेने दिव्यापर्यंत, हॉर्नपर्यंत, सेल्फपर्यंत जाते. परतीची वाट मात्र गाडीच्या पत्र्यातूनच असते. यालाच आपले कारागीर अर्थ म्हणतात. आपल्याकडे पाऊस अफाट, खाडीची खारी हवा आणि पेणच्या बाजूला मिठागरे. पत्रा गंजला की अर्थचा बोल्ट वरून घट्ट दिसतो, पण त्याच्याखाली गंजाचा थर बसलेला असतो आणि वीज तेथे अडते. जुन्या गाडीतील पुष्कळ दोष हे पार्टचे नसून अशा जोडांचे असतात.

हिशेब पाहा. सेल्फ फिरताना साधारण १५० अँपिअर वीज ओढतो. जोडात अवघा एक शतांश ओहम अडथळा असला तरी १५० गुणिले ०.०१, म्हणजे दीड व्होल्ट तेथेच खर्ची पडतात. बॅटरी नवी असूनही सेल्फ रडत फिरतो आणि मालकास वाटते, बॅटरी फसवी निघाली. दिव्याचेही तसेच. व्होल्टेज दहा टक्के घटले की बल्बचा उजेड सुमारे तीस टक्के कमी होतो.

तपासणीचा क्रम

यासाठी मोठ्या यंत्रांची गरज नाही. एक मल्टीमीटर, बारा व्होल्टच्या बल्बला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प, पॉलिश पेपर आणि पाने एवढ्यावर काम भागते.

पहिली बॅटरी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी मीटर लावावा. १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा आला तर बॅटरी भरलेली आहे. १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली गेली तर जवळजवळ रिकामी समजावी. रिकाम्या बॅटरीवर पुढील कोणतीही तपासणी करू नये, आधी ती चार्ज करून घ्यावी. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी चढली असल्यास खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने धुवावी. सोड्याचे पाणी सेलच्या बुचातून आत जाऊ देऊ नये. तारा काढताना अर्थची तार आधी काढावी आणि बसविताना शेवटी बसवावी. चार्ज होणाऱ्या बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीने भडकतो, म्हणून जवळ विडी-सिगारेट नको.

दुसरा जोड. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी. पेट्रोल गाडीची कॉईलची मधली तार डिस्ट्रिब्युटरमधून काढून इंजिनच्या धातूला पक्की टेकवून ठेवावी, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही. आता मीटरची एक सळई बॅटरीच्या अर्थकडील खांबावर आणि दुसरी इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरून सेल्फ मारण्यास सांगावे. आकडा अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष अर्थच्या वाटेवर आहे. तसेच दुसऱ्या खांबापासून सेल्फच्या टोकापर्यंत पाहावे. बोल्ट उघडून खालचा पत्रा चकचकीत घासावा, घट्ट आवळावा आणि वरून ग्रीस लावावे. या कामाला वेळ लागतो, पैसा मात्र फारसा लागत नाही.

तिसरे चार्जिंग. इंजिन थोडे वाढवून बॅटरीवर मीटर लावावा. अल्टरनेटरच्या गाडीत साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट दिसावेत. कमी असल्यास आधी पट्टा ढिला आहे काय ते पाहावे, मग जोड, मग कार्बन ब्रश आणि रेग्युलेटर. जुन्या फियाट व अॅम्बेसेडरमध्ये डायनामो असे. तो मंद गतीत चार्ज देत नाही, म्हणून उभ्या गाडीत चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर लगेच घाबरण्याचे कारण नाही.

येथे कारागीर बांधवांस आमची एक आग्रहाची सूचना आहे. इंजिन चालू ठेवून बॅटरीची तार काढून पाहण्याची सवय डायनामोच्या काळातील आहे. अल्टरनेटरच्या गाडीत असे केल्यास व्होल्टेज एकदम उसळते आणि त्यातील डायोड जळू शकतात. तपासणीनेच गिऱ्हाईकाचे नुकसान होते.

रात्रीत बॅटरी उतरते तेव्हा

डिकीतील पाच वॅटचा बल्ब चुकून जळत राहिला तर तो दिवसाला सुमारे दहा अँपिअर-तास वीज खातो. पस्तीस अँपिअर-तासांची बॅटरी साडेतीन दिवसांत संपते. अशी गळती शोधण्यासाठी सर्व बटणे बंद करून अर्थची तार काढावी आणि ती तार व खांब यांच्यामध्ये मीटर दहा अँपिअरवर लावावा. जुन्या गाडीत आकडा जवळजवळ शून्य हवा. जास्त असेल तर एकेक फ्यूज काढत जावे. ज्या फ्यूजला आकडा पडेल त्या लाइनवर दोष आहे. कोणताही फ्यूज काढून आकडा पडला नाही, तर फ्यूजशिवाय जाणाऱ्या चार्जिंग व सेल्फच्या लाइनी पाहाव्यात. मीटर जोडलेला असताना सेल्फ मात्र मारू नये, मीटर जळेल.

फ्यूजशी खेळ नको

फ्यूज पुनःपुन्हा उडतो म्हणून त्या जागी चांदीचा कागद किंवा जाड तार घालणे हा सर्वांत घातक प्रकार आहे. मग फ्यूजऐवजी आतली वायरिंग तापते, तिचे आवरण वितळते आणि पेट्रोलच्या शेजारी आग लागते. फ्यूज उडणे हा इशारा आहे, त्याचे तोंड बंद करू नये. फ्यूजच्या जागी एकवीस वॅटचा बल्ब जोडावा. शॉर्ट असेल तर बल्ब पूर्ण पेटतो, पण तार जळत नाही. आता वायरिंग हळूहळू हलवीत जावे. जेथे हात लावताच बल्ब विझतो किंवा मंदावतो, तेथेच तार सोललेली आहे. मोठे हॉर्न किंवा जादा दिवे बसविताना स्वतंत्र फ्यूज आणि रिले घालावा, जुन्या बारीक तारेवर भार टाकू नये.

पावसाळ्यात गाडी सुरू न होण्याचे आणखी एक कारण म्हणजे डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधील ओल. ठिणगी प्लगपर्यंत न जाता ओलीतून पळते. कॅप आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावी. तिला बारीक तडा असेल तर मात्र ती बदलावीच.

मालक आणि मिस्त्री

मोटार वाहन कायदा १९८८ प्रमाणे खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी ती वाढवून घ्यावी लागते आणि त्या वेळी गाडीची तपासणी होते. दिवे, हॉर्न, वायपर बिघडलेले असतील तर तेथे गाडी अडते. मे महिन्यात, पावसाआधी एकदा सारे जोड उघडून साफ करून घेतल्यास ही वेळ येत नाही.

मालकांनी मिस्त्रीस "काय बदलले?" एवढेच न विचारता "मीटरवर काय दिसले?" हेही विचारावे आणि काढलेला पार्ट परत मागावा. कारागिरांनीही दोष शोधण्याची मजुरी उघडपणे सांगून घ्यावी. अर्धा तास खपून एक बोल्ट साफ केला तर त्याचा मोबदला मागण्यात संकोच कसला? मालकानेही तो खुशीने द्यावा. जोवर केवळ पार्ट बदलण्याचेच पैसे मिळतात, तोवर चांगले पार्ट भंगारात जातच राहतील. शोधण्याच्या कसबास दाम मिळाला तर गाडी टिकेल, गिऱ्हाईक टिकेल आणि उस्तादाजवळ शिकणाऱ्या मुलाच्या हाती खरा हुन्नर येईल.