बालकामगारविषयक कायदे

कायद्याने ठरविलेल्या किमान वयाखालील मुलांकडून करून घेण्यात येणाऱ्या श्रमांना मनाई करणारे किंवा त्यांचे नियमन करणारे कायदे. शेतीप्रधान व कारागीर समाजात मूल आईवडिलांच्या हाताखाली काम करीतच व्यवसाय शिके. त्यामुळे मुलांनी काम करावे की नाही, हा प्रश्न कायद्यापुढे प्रथम उभा राहिला तो कारखान्यांच्या उदयानंतर. इंग्लंडमध्ये १८३३ च्या अधिनियमाने कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांस कामावर ठेवण्यास सामान्यतः बंदी घातली आणि त्याच्या अंमलबजावणीसाठी सरकारी निरीक्षक नेमले.

भारतात मुंबईच्या गिरण्यांतील परिस्थितीची चौकशी १८७५ मधील आयोगाने केली व त्यानंतर १८८१ मध्ये पहिला कारखाने अधिनियम संमत झाला. त्यातील तरतुदी आज वाचताना नवल वाटते. कामाचे किमान वय सात वर्षे ठरविण्यात आले आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांस दिवसाकाठी नऊ तास राबविण्याची मुभा राहिली. यांत्रिक शक्तीवर चालणाऱ्या व शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यांनाच हा अधिनियम लागू होता. लँकाशरच्या गिरणीमालकांचा स्वार्थ यामागे आहे, असा संशय येथील गिरणीमालक व काही देशी वृत्तपत्रे व्यक्त करीत. तो सर्वस्वी निराधार नव्हता, पण त्यामुळे मुलांच्या कामाचे तास कमी भरत नव्हते. किमान वय १८९१ मध्ये नऊ, १९२२ मध्ये बारा व १९४८ मध्ये चौदा वर्षे असे वाढत गेले.

अर्धवेळ काम करणाऱ्या मुलांची पद्धत या काळात रूढ होती. कामाचे तास कमी केले, की मुलाला विसावा मिळेल असे कायदेकर्त्यांनी गृहीत धरले. प्रत्यक्षात काही मुले एका गिरणीतील पाळी संपवून त्याच दिवशी दुसऱ्या गिरणीत कामाला जात. त्यामुळे १९२६ च्या दुरुस्तीने अशा मुलांच्या पालकांस शिक्षापात्र ठरवावे लागले. मजुरीची गरज कायम ठेवून केवळ तासांचे नियमन केल्यास काय घडते, याचे हे बोलके उदाहरण होय.

कारखान्याबाहेरचे चित्र अधिक विदारक होते. मजूरविषयक शाही आयोगास (१९२९–३१) मद्रास इलाख्यातील विडी-कारखान्यांत पाच वर्षांची मुलेही आढळली. पालकांनी कर्जापोटी मुलांचे श्रम गहाण टाकण्याची चालही आयोगाने नोंदविली. तिला १९३३ च्या अधिनियमाने बंदी केली. १९३८ च्या अधिनियमाने रेल्वे, बंदरे तसेच विड्या, गालिचे, आगकाड्या इ. उद्योगांतील कार्यशाळांत किमान वय लागू केले. मात्र कुटुंबीयांच्या मदतीने चालणाऱ्या कार्यशाळा त्यातून वगळल्या. ही पळवाट पुढील अधिनियमांतही टिकून राहिली.

भारतीय संविधानाच्या अनुच्छेद २४ अन्वये चौदा वर्षांखालील मुलास कारखाना, खाण अथवा इतर धोकादायक कामावर ठेवता येत नाही. शेती, घरकाम, हॉटेले यांचा त्यात स्पष्ट उल्लेख नाही. गुरुपादस्वामी समितीने १९७९ मध्ये असा अभिप्राय दिला, की दारिद्र्य असेतोवर बालमजुरी पूर्णपणे नष्ट करणे कठीण आहे. म्हणून धोकादायक कामांत बंदी व इतरत्र नियमन करावे. १९८६ चा बालकामगार (प्रतिबंध व नियमन) अधिनियम याच भूमिकेवर आधारलेला होता. सर्वोच्च न्यायालयाने शिवकाशी येथील आगकाडी व फटाका उद्योगासंबंधीच्या निर्णयात (१९९६) कायदा मोडणाऱ्या मालकाने दर मुलामागे २०,००० रु. भरपाई द्यावी, असा आदेश दिला.

मुलांना काम करू द्यावे, या मताचा सर्वांत सबळ युक्तिवाद दारिद्र्याचा नसून संरक्षणाचा आहे. ज्याचे कामच बेकायदेशीर, त्याला वेतन वा अपघाताची भरपाई मागता येत नाही आणि तो अधिक अंधाऱ्या धंद्यात लोटला जातो. बांगला देशात १९९३ च्या सुमारास, अमेरिकेतील प्रस्तावित आयातबंदीच्या भीतीने, तयार कपड्यांच्या कारखान्यांतून हजारो मुले काढून टाकण्यात आली. त्यांपैकी अनेक दगड फोडण्यासारख्या अधिक कष्टाच्या कामांकडे वळली. बोलिव्हियाने २०१४ मध्ये काही अटींवर दहा वर्षांच्या मुलांसही काम करण्याची परवानगी दिली. श्रमिक मुलांच्या संघटनांनीच ती मागितली होती. मात्र २०१७ मध्ये तेथील संविधान-न्यायालयाने संबंधित तरतुदी रद्द केल्या व पुढील वर्षी किमान वय पुन्हा चौदा झाले. याउलट मायरन वायनर या अमेरिकन अभ्यासकाने १९९१ मध्ये असे प्रतिपादन केले, की अनेक देशांत सक्तीचे शिक्षण दारिद्र्य हटण्यापूर्वीच आले. भारतात उणीव पैशाची नसून सुशिक्षित वर्गाच्या इच्छेची आहे. हे मत कटू असले, तरी त्याला समाधानकारक उत्तर दिले गेले आहे असे म्हणता येत नाही.

शिक्षणाचा हक्क २०१० पासून अंमलात आल्यावर अंशतः परवानगीची भूमिका टिकणे अवघड झाले. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांस सर्वच व्यवसायांत बंदी केली व चौदा ते अठरा वयोगटास धोकादायक कामांत मनाई केली. २०१७ मध्ये भारताने आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या १३८ व १८२ क्रमांकांच्या संकेतांना मान्यता दिली. तथापि शाळेनंतर व सुटीत कुटुंबाच्या धोकादायक नसलेल्या उद्योगात मदत करण्यास दुरुस्तीने मुभा ठेवली आणि कुटुंब या संज्ञेत काका, आत्या, मामा व मावशी यांचाही समावेश केला. रात्री दहा वाजता घरात काम करणारे मूल ‘मदत’ करते की मजुरी, हे निरीक्षकाने कसे ठरवावे, याचा उलगडा अधिनियमात होत नाही.

आकडेवारीही जपून वाचावी लागते. २००१ च्या जनगणनेत पाच ते चौदा वर्षांचे सु. १·२६ कोटी बालकामगार होते, तर २०११ साठी ४३·५ लक्ष हा आकडा बहुधा सांगितला जातो. पहिल्यात मुख्य व सीमांतिक असे दोन्ही कामगार असून दुसऱ्यात केवळ मुख्य कामगार आहेत. दोन्ही मिळून २०११ मधील संख्या सु. १·०१ कोटी होते. घट झाली हे खरे, पण ती एक-पंचमांशाच्या आसपास आहे.

महाराष्ट्रात बीड व लगतच्या जिल्ह्यांतून ऊसतोडीसाठी दरवर्षी होणारे स्थलांतर ही या कायद्यांची कठीण कसोटी होय. मुकादम उचल देतो ती ‘कोयत्या’ला, म्हणजे पतिपत्नींच्या जोडीला. बरोबर गेलेले मूल धाकट्या भावंडांना सांभाळते, वाढे गोळा करते, मोळ्या बांधू लागते; परंतु त्याचे नाव कोणत्याही हजेरीपटावर नसते. अशा मुलांसाठी साखरशाळा व पुढे गावांतच हंगामी वसतिगृहे काढण्यात आली. जेथे वसतिगृह दिवाळीपूर्वी उघडते तेथे मूल गावी राहते. ते उशिरा उघडले, तर तोवर गाड्या निघून गेलेल्या असतात.