वातीचा नंबर

घरी मेणबत्त्या करायला घेतल्या की मेण वितळवणं एका दुपारात जमतं. पाण्याच्या पातेल्यात दुसरं पातेलं, त्यात सोया वॅक्स, हातात थर्मामीटर, मोगऱ्याचं नाहीतर चंदनाचं फ्रेग्रन्स ऑइल आणि बाजारातून आणलेले काचेचे ग्लास. संध्याकाळपर्यंत ओट्यावर डझनभर देखण्या मेणबत्त्या उभ्या असतात. त्यातली एक पेटवली की खरं काम सुरू होतं. दोन-तीन तासांनी दिसतं, की ज्योतीभोवती खोल खड्डा पडलाय आणि कडेचं मेण जागचं हललेलंही नाही. किंवा उलटंच. ज्योत चढत गेलीय, ग्लासाचा काठ काजळला आहे आणि काचेला हात लावला तर चटका बसतो. दोन्हीकडे मेण तेच, ग्लास तोच, ऑइल तेच. चुकलेली असते ती वात.

समईत किंवा निरांजनात हा प्रश्न येतच नाही. ज्योत मंदावली की वात जरा पुढे सारायची, भडकली की मागे ओढायची, तेल संपत आलं की घालायचं. देखरेख करणारं माणूस शेजारीच असतं. दिवाळीतल्या मेणाच्या पणत्याही तीन-चार तासांच्या धनी, तेवढ्यासाठी कशीबशी वात चालून जाते. ग्लासातल्या मेणबत्तीची वात मात्र पत्र्याच्या चकतीत अडकवून मेणात गाडलेली असते. ती दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी, करणाऱ्याच्या गैरहजेरीत, पंचवीस-तीस तास जळायची असते. तिथे काय होणार हे मेण ओततानाच ठरून गेलेलं असतं. ते आधी कळून घ्यायचा उपाय एकच: तशीच मेणबत्ती स्वतः तळापर्यंत जाळून बघायची.

वात नेमकं काय करते? शास्त्रज्ञ मायकेल फॅरडेने १८६०-६१च्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मुलांसमोर मेणबत्तीवर सहा व्याख्यानं दिली. मिठाच्या एका खांबाच्या बुडाशी त्याने निळा रंग दिलेलं मिठाचं पाणी ओतलं आणि ते मिठातून वर कसं चढतं ते दाखवलं. वातीच्या धाग्यांमधून वितळलेलं मेण वर जातं तेही असंच, केशाकर्षणाने. वर गेलेल्या मेणाची वाफ होते आणि जळते ती वाफ. नुकत्याच विझवलेल्या मेणबत्तीच्या धुराला काडी लावली की ज्योत उडी मारून वातीवर परत येते. लोडशेडिंगच्या काळात महाराष्ट्रातल्या निम्म्या पोरांनी केलेला हा उद्योग फॅरडेच्या व्याख्यानांतही आहे.

वात जाड, तर वर जाणारं मेण जास्त, ज्योत मोठी, खाली पोहोचणारी उष्णता जास्त आणि म्हणून वितळणारं मेणही जास्त. यात कुठे तरी तोल साधावा लागतो. वात जेवढं मेण ओढते त्यापेक्षा जास्त वितळत राहिलं, तर बारीक ज्योत त्या मेणात बुडून विझते. उलट वातीने वर नेलेलं मेण ज्योतीला मिळणाऱ्या हवेच्या मानाने जास्त झालं, तर न जळलेल्या कार्बनची काजळी होते किंवा वातीच्या टोकावर काळी गाठ धरते. या गाठीला या धंद्यात ‘मशरूम’ म्हणतात, कडेचं मेण न वितळता मध्येच खड्डा पडण्याला ‘टनेलिंग’ आणि वितळलेल्या मेणाच्या थराला ‘मेल्ट पूल’, म्हणजे तळं. परीक्षेची निम्मी भाषा एवढ्यात संपते.

आजची वात वेणीसारखी गुंफलेली असते, आणि ही गुंफण नुसती मजबुतीसाठी नाही. पूर्वीची पिळाची वात ज्योतीच्या मधोमध सरळ उभी राहायची. तिथे हवा पोचत नाही, त्यामुळे टोक जळून जात नसे, लांबत राही आणि धूर करी. खास कात्री घेऊन ते सारखं छाटावं लागे. १८२०च्या दशकात फ्रान्समध्ये कांबासेरेस याने गुंफलेली वात आणली. ती जळताना एका बाजूला वाकते, टोक ज्योतीच्या कडेला हवेत येतं आणि तिथे त्याची राख होते. मेणबत्त्यांच्या घरात ती कात्री अडगळीत गेली ती या वाकण्यामुळे. तरीही ग्लासातल्या मेणबत्तीची वात दर वेळी पेटवण्याआधी सहा मिलिमीटरवर कापायला सांगतात, आणि परीक्षा घेतानाही ती तेवढीच ठेवावी लागते.

वाती बाजारात दोन तऱ्हांनी मिळतात. पुण्याच्या बोहरी आळीत किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास सुती वातीची रिळं मिळतात, किती पदरी हवी ते सांगून घ्यायची. दुसऱ्या तऱ्हेच्या वाती मेण लावून ताठ केलेल्या, चकती बसवलेल्या, मालिकेचं नाव आणि नंबर असलेल्या असतात: इको, सीडी, एलएक्स, एचटीपी. नंबर एकाच मालिकेत कामाचा. इको आठ आणि सीडी आठ या सारख्या वाती नव्हेत, आणि एका मालिकेच्या जागी ‘त्यातलीच’ म्हणून दुसरी खपवणारा दुकानदार भेटला तर आधीची सगळी परीक्षा फुकट जाते. काही वातींच्या गाभ्यात जस्ताची बारीक तार असते. ती वाकत नाही, म्हणून टोकावर गाठ जास्त धरते. पूर्वी तिथे शिशाचीही तार असायची. अमेरिकेने २००३मध्ये तशा वातींवर बंदी घातली. जुना माल स्वस्तात मिळत असेल तर गाभ्यात धातू दिसल्यावर तो कोणता, हे विचारूनच घ्यावा.

एक ग्लास धरू. आतला व्यास साडेसात सेंटिमीटर, आत १८० ग्रॅम सोया वॅक्स, मोगऱ्याचं ऑइल आठ टक्के. वात विकणाऱ्याच्या तक्त्यात या व्यासासमोर इको आठ लिहिलंय. तक्ता सुरुवात कुठून करायची तेवढं सांगतो, त्याहून जास्त नाही. म्हणून सहा, आठ आणि दहा अशा तीन वाती घेऊन तीन ग्लास एकाच पातेल्यातल्या मेणाने, एकाच तापमानाला भरायचे. वात मधोमध राहावी म्हणून तोंडावर आइस्क्रीमच्या दोन काड्या किंवा कपड्यांचा लाकडी चिमटा. वात जरा कलली तरी एका बाजूची काच तापते आणि दुसऱ्या बाजूचं मेण तसंच राहतं, मग दोष वातीच्या जाडीचा की जागेचा ते सांगता येत नाही. प्रत्येक ग्लासाच्या बुडाला नंबर आणि तारीख लिहिलेली चिकटपट्टी. आणि मग थांबायचं. सोया वॅक्स दिसायला रात्रीतून घट्ट होतं, पण आतून पक्कं व्हायला आठवडा ते पंधरवडा लागतो. ओतल्या ओतल्या जाळलेला ग्लास पुढे वेगळाच वागतो.

परीक्षेच्या दिवशी वजनकाटा हवा. स्वयंपाकघरातला एक ग्रॅम दाखवणारा चालतो. पेटवण्याआधी वजन, चार तासांनी विझवून वजन, फरकाला चारने भागलं की ताशी किती ग्रॅम मेण जळलं ते निघतं. ताशी पाच ग्रॅम आलं असं धरा. तळाचा साधारण सव्वा सेंटिमीटर थर जाळायचा नसतो, म्हणजे पन्नासेक ग्रॅम बाजूला राहिले. उरलेल्या १३० ग्रॅमना २६ तास लागतील. एका वेळी चार तासांपेक्षा जास्त जाळायचं नाही, आणि दोन बैठकांमध्ये मेण पूर्ण थंड, घट्ट व्हायला हवं. एका ग्लासाच्या सात बैठका झाल्या. मेण पक्कं व्हायचा पंधरवडा धरून एका वातीचा निकाल लागायला तीन आठवडे गेले. हे गणित कुणी आधी सांगत नाही, म्हणून दिवाळीच्या ऑर्डरी घेऊन ऑक्टोबरमध्ये वाती निवडायला बसलेले लोक दरवर्षी सापडतात.

दर तासाला वही. तळं किती रुंद झालं, किती खोल, ज्योत स्थिर की थरथरते, टोकावर गाठ आहे का, काठावर काजळी आहे का. अंदाजासाठी एक जुना ठोकताळा वापरतात: तळं तासाला साधारण इंचभर रुंदावतं. साडेसात सेंटिमीटरच्या ग्लासाला त्या हिशेबाने तीन तास. खोली सहा ते बारा मिलिमीटरच्या आत राहिली तर बरी.

पहिल्या बैठकीनंतर नवखा माणूस हमखास दहाची वात निवडतो. तिची ज्योत तेजस्वी, तळं अडीच तासांत काठाला टेकलेलं, सगळीकडे चकचकीत, फोटोला सुरेख. आठच्या ग्लासात चार तासांनीही काठाला मेणाचा पातळ कड राहिलेला असतो. सहाचा तर मधेच खड्डा. इथेच वही मिटली तर चुकीची वात जिंकते.

कारण ग्लास रिकामा होतो तसा तो बदलतो. सुरुवातीला ज्योत काठाजवळ, मोकळ्या हवेत असते, तिची बरीच उष्णता वर निघून जाते. अर्ध्यावर गेल्यावर ती काचेच्या भिंतींच्या आत खोल बसते. भिंती उष्णता धरून ठेवतात, मेण जास्त वितळतं आणि हवेला आत यायची वाट मात्र अरुंद झालेली असते. पहिल्या दिवशी काठाला राहिलेला आठचा कड तिसऱ्या-चौथ्या बैठकीत आपोआप वितळून खाली उतरतो. त्याच वेळी दहाच्या ग्लासात तळं वाजवीपेक्षा खोल झालेलं असतं, ज्योत लांब आणि टोकदार होऊन थरथरते, काच काळवंडते. पहिल्या दिवशी थोडी अशक्त दिसणारी वात बहुतेकदा बरोबर असते, आणि पहिल्याच दिवशी पूर्ण दिसणारी पुढे जड जाते. सहाची मात्र खालीही सावरत नाही. कड तसाच राहिला, खड्डा खोल गेला आणि वात मेणात बुडाली, तर ती बाद.

अर्थात आठचा हा विजय त्या ग्लासापुरता, त्या मेणापुरता आणि त्या मोगऱ्यापुरता. मोगऱ्याच्या जागी व्हॅनिलाचं ऑइल घातलं की तीच वात कुरकुरते. सुगंधी ऑइलं पातळ-जड असतात, काही वातीत गाळ धरतात आणि व्हॅनिलातलं व्हॅनिलिन मेणाला तपकिरी रंग देतं. रंगाचंही तसंच. घरातले मेणाचे खडू वितळवून रंग द्यायची युक्ती स्वस्त वाटते, पण त्यातली रंगद्रव्यं विरघळत नाहीत, ती वातीच्या धाग्यांत अडकतात आणि ज्योत मरतुकडी होते. मेणबत्तीसाठी मेणात विरघळणारा रंगच लागतो. वीस सुगंध विकणाऱ्या घरगुती उद्योगाच्या मागे कमीत कमी वीस वह्या असायला हव्यात. असतात का, हा वेगळा प्रश्न.

इथल्या हवेची अडचण आणखी वेगळी. ग्लासात ओतायच्या काही सोया वॅक्सचा वितळणबिंदू ४६ ते ४९ अंश असतो आणि मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ला टेकतो. कुरिअरच्या गाडीत ठेवलेला खोका त्याहून तापतो. म्हणून बरेच जण पॅराफिन किंवा दुसरं कडक मेण मिसळतात. मिश्रण बदललं की वितळण्याचा वेग बदलतो आणि वात पुन्हा पहिल्या पानावर येते. शिवाय परीक्षा बिनवाऱ्याच्या खोलीत घ्यायची असते, म्हणजे पंखा बंद, आणि एप्रिलच्या दुपारी चार तास पंखा बंद ठेवून वही लिहिणं हा या कामातला सर्वांत अप्रिय भाग. बरं, विकत घेणारा मेणबत्ती पंख्याखालीच लावणार असतो. म्हणून निवडलेल्या वातीचा एक ग्लास शेवटी चालू पंख्याखालीही जाळून बघतात. झुळकेत ज्योत एका बाजूला कलते, तिथली काच जास्त तापते आणि बंद खोलीत न दिसलेली काजळी तिथे दिसते.

दर वेळी नवे ग्लास भरणं परवडत नाही, त्यावर एक पळवाट आहे. ग्लास वातीशिवाय भरायचा, मेण पक्कं झालं की सळईने मधोमध आरपार भोक पाडायचं आणि त्यात वात खोचायची. चार तास जाळून, मेण पातळ असतानाच ती चिमट्याने काढायची, मेण घट्ट झालं की दुसऱ्या नंबरची घालायची. एका ग्लासात तीन-चार वातींची तोंडओळख होते आणि अगदी चुकीच्या वाती चटकन गळतात. पण अर्ध्या ग्लासाखाली काय होतं ते या पद्धतीत कळत नाही. उरलेल्या एक-दोन नंबरांसाठी पूर्ण ग्लास भरून तळ गाठावाच लागतो.

तळाशी चकतीचीही परीक्षा असते. तिच्या मधल्या नळीला मान म्हणतात. मान उंच असेल, तर मेण तिच्या पातळीला आलं की वातीला पुरवठा थांबतो आणि काचेच्या बुडाला ज्योत भिडायच्या आत विझते. मान नसलेली, नुसत्या गाठीने बसवलेली वात शेवटच्या थेंबापर्यंत जळते. ग्लास तडकण्याच्या बऱ्याच तक्रारी तिथून येतात.

सर्वांत शेवटी काही करणारे मुद्दाम वाईट वागून बघतात. लेबलवर लिहिलेलं असतं: वात कापा, चार तासांच्या आत विझवा. विकत घेणारा माणूस ते वाचेलच असं नाही. म्हणून एक ग्लास वात न कापता, सात-आठ तास सलग, समोर बसून जाळायचा. शेजारी ग्लासावर बसेल असं धातूचं झाकण हवं. पाण्याची बादली नको, कारण पेटलेल्या मेणावर पाणी पडलं की भडका उडतो. त्या ग्लासात ज्योत तीन इंचांकडे चढायला लागली, तर आधीच्या सात बैठकांची पानं कितीही स्वच्छ असोत, आठ खोडून सहा-आठच्या मधली दुसऱ्या मालिकेतली वात शोधायची, काठाला थोडं मेण राहील ते राहू द्यायचं, आणि नव्या चिकटपट्टीवर तारीख घालून पुन्हा पंधरवडा मोजायचा.