संशोधन-जहाजाची सिद्धता

पाऊस हा आपल्या बारामती व इंदापूर तालुक्यांचा प्राण होय. तो अरबी समुद्रावरून येतो. परंतु वाटेंत सह्याद्रि त्यांतील पुष्कळसें पाणी घांटमाथ्यावरच उतरवून घेतो, आणि पर्जन्यछायेंत वसलेल्या आपल्या शिवारांच्या वांट्यास उरलेलें येतें. नीरेच्या कालव्याचें पाणी पोंचतें तेथें ऊस उभा राहतो; इतरत्र कुणबी आकाशाकडे पाहतो. या पावसाचें मूळ शोधण्यासाठीं शास्त्रज्ञ समुद्रावर जातात. त्यांचें जहाज बंदर सोडण्यापूर्वीं कसें सज्ज होतें, हें आम्ही येथें थोडक्यांत सांगतों.

‘सागरकन्या’ हें भारताचें सुमारें १०० मीटर लांबीचें संशोधन-जहाज १९८३ सालीं पश्चिम जर्मनींत बांधलें गेलें. २००२ च्या पावसाळ्यांत अरबी समुद्रावरील मोसमी वाऱ्यांच्या अभ्यासार्थ ‘आर्मेक्स’ नांवाची मोहीम झाली, तींत या जहाजानें भाग घेतला.

अशा सफरीची सिद्धता प्रश्नापासून सुरू होते. काय मोजावयाचें, कोठें थांबावयाचें, किती खोल जावयाचें, हें ठरल्यावांचून कोणतीं यंत्रें न्यावीं हें कळत नाहीं. मग यंत्रांची पारख. पाण्याची उष्णता व क्षारता मोजणारीं यंत्रें किनाऱ्यावरच प्रमाण मापांशीं ताडून घेतात. समुद्रपृष्ठाच्या उष्णतेंतील अर्ध्या अंशाचा फरकहि ढगांच्या कामीं महत्त्वाचा असतो. मापच खोटें असेल तर महिनाभराचे आंकडे व्यर्थ होत.

खोल पाण्याचे नमुने आणणाऱ्या नळ्या उघड्या तोंडानें खालीं जातात व हव्या त्या खोलीवर इशारा मिळतांच मिटतात. त्या ४,००० मीटर सोडावयाच्या तर पोलादी दोर त्याहूनहि लांब हवा. सेकंदास एक मीटर या वेगानें नुसतें खालीं जाण्यासच तासाहून अधिक काळ लागतो. मोटेचा नाडा तुटला तर मोट गळानें काढतां येते. येथें दोर तुटला कीं यंत्र समुद्राचें झालें. म्हणून दोर नीट तपासतात, आणि महत्त्वाचे सुटे भाग दुहेरी घेतात. हवेची परीक्षा करणारे फुगे सोडावयाचे असल्यास त्यांच्या वायूच्या नळकांड्याहि मोजून घ्याव्या लागतात.

यानंतर इंधन, गोडें पाणी, शिधा व औषधें. शेवटीं प्रत्येक वस्तु जागच्या जागीं जखडून टाकितात, कारण पावसाळी लाटांत सुटी पेटी माणसास इजा करिते. भर समुद्रांत बाजार नाहीं. धक्क्यावर जें विसरलें तें विसरलेंच.

त्या मोहिमेंत पश्चिम किनाऱ्यावर अतिवृष्टि करणाऱ्या ढगांचा अभ्यास योजिला होता. परंतु जुलै २००२ मध्यें देशांत सरासरीच्या सुमारें निम्माच पाऊस झाला. तरीहि मोजमाप चालूच राहिलें, आणि पाऊस कां पडतो याइतकाच तो कां हटतो हाहि प्रश्न अभ्यासाला मिळाला. यंत्रें खरीं असलीं कीं अवर्षणहि कांहीं शिकवून जातें.

विद्यार्थिमित्रहो, नोहानें तारूं बांधिलें तें आभाळ कोरडें असतांनाच. आपले वडीलहि मृगापूर्वींच शेत तयार ठेवितात. पाऊस देणें परमेश्वराच्या हातीं आहे. सिद्ध असणें मात्र आपल्या हातीं आहे.