पाटीवर ६०, गाडीत मात्र ३०?

इलेक्ट्रिक गाडीच्या चार्जरवरचा ६० किलोवॅट हा आकडा त्या यंत्राची कमाल क्षमता सांगतो. प्रत्यक्षात किती वीज घ्यायची, ते गाडी ठरवते. गन जोडताच बॅटरीची नियंत्रण प्रणाली चार्जरला व्होल्टेज आणि प्रवाहाची मर्यादा कळवते. ३५० व्होल्टची बॅटरी १०० अँपिअरच घेत असेल, तर गाडीत ३५ किलोवॅट जाणार, मग चार्जर १२० किलोवॅटचा का असेना.

खरी मेख बॅटरीच्या आत आहे. चार्जिंग होताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांमध्ये शिरतात. बॅटरी थंड असेल तर ते सावकाश शिरतात. तेव्हा जोर लावला की लिथियम आत न जाता पृष्ठभागावर धातू होऊन साचतं आणि बॅटरीचं कायमचं नुकसान होतं. म्हणून प्रणाली आपणहून वेग उतरवते. मे महिन्यात घाट चढून तापलेल्या बॅटरीलाही ती असाच लगाम घालते. साधारण ८० टक्क्यांनंतर थर भरत आलेले असतात, त्यामुळे तिथून वेग झपाट्याने घसरतो. मागे रांग असेल, तर तिथेच गन काढणं हा साधा शेजारधर्म आहे.

आणखी एक कारण डोळ्यांसमोरच असतं. आपल्याकडच्या अनेक चार्जरना दोन गन असतात, पण क्षमता एकच. शेजारी दुसरी गाडी लागली, की ६०चे ३०-३० होतात. पर्याय असेल तर मोकळा चार्जर निवडा.