जाड लोकरीची टोपी आणि सैल हाताचा हिशोब

जालना-मंठा रस्त्यावर वाटूर फाट्याला पौषातल्या पहाटे उभे राहिले की टोपीचे गिऱ्हाईक कोण, हे वेगळे सांगावे लागत नाही. मोटारसायकलवर दूध घेऊन निघालेला, रात्रीच्या विजेवर गव्हाला पाणी देऊन परतणारा, सगळ्यांचे कान झाकलेले असतात. बहुतेकांच्या डोक्यावर मशीनची पातळ कानटोपी असते आणि तिच्यावरून रुमाल बांधलेला असतो. रुमाल बांधावा लागतो, म्हणजेच टोपी पुरत नाही. हातविणीच्या जाड टोपीला जागा आहे ती इथेच.

आपल्या अनेक भगिनींना विणकाम येते, लुधियानाची लोकर जालन्यात मिळते. बारीक लोकरीच्या टोपीला १४० टाके घालावे लागतात, जाड लोकरीला ७६ पुरतात. काम लवकर उरकते. पण याच ठिकाणी मी स्वतः फसलो, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी मी बारा घरी लोकर वाटली. सर्वांना सुई एकच, ५ नंबरची, म्हणजे साडेपाच मिलिमीटरची. कागदावर लिहून दिले: ७६ टाके, काठाला दोन सुलट दोन उलट. माल आला तेव्हा काही टोप्या डोळ्यांवर घसरत होत्या, काही मोठ्या माणसाच्या डोक्यात शिरतच नव्हत्या. मी घसरणाऱ्या टोप्यांची मजुरी कापली.

तेव्हा एक वयस्क खाला दुकानात आल्या. म्हणाल्या, "भाई, सुई तुम्ही सगळ्यांना एकच दिली, पण हात तर बारा आहेत." टेप मागितली आणि दोन टोप्यांवर ठेवून दाखवली. एकीत १० सेंटिमीटरला १५ टाके होते, दुसरीत १३.

हिशोब साधा आहे, पण मी तो आधी केला नव्हता. १५ टाक्यांच्या विणीत ७६ टाक्यांचा घेर सुमारे ५१ सेंटिमीटर होतो. ५६ सेंटिमीटरच्या डोक्यावर ती ताणून नीट बसते. १३ टाक्यांच्या विणीत घेर ५८ होतो, म्हणजे टोपी डोक्यापेक्षाच मोठी. बारीक लोकरीत १० सेंटिमीटरला २८ ऐवजी २६ टाके आले, तर १४० टाक्यांचा घेर ५० चा ५४ होतो, आणि टोपी तरीही खपते. चूक दोन टाक्यांचीच, पण जाड लोकरीत ती दुपटीने भोवते.

कापलेली मजुरी मी परत केली. दोघींनी मात्र पुन्हा माझे काम घेतले नाही.

आता मी आधी नमुन्याचा चौकोन विणवून घेतो आणि त्याचेही पैसे देतो. हात सैल असेल तर ६ नंबरची सुई, घट्ट असेल तर ४ नंबरची. (या जुन्या नंबरांत आकडा वाढला की सुई बारीक होते. नवीन पोरे इथे हमखास चुकतात.) गोळे एकाच लॉट नंबरचे घ्यावेत, नाहीतर काळ्यातही दोन काळे निघतात. ॲक्रिलिकची टोपी स्वस्त पडते आणि धुवायला सोपी, पण तिला गरम इस्त्री लावू नये, वीण चपटी होऊन मरते. खऱ्या लोकरीची टोपी गरम पाण्यात चोळली की आटते. हे गिऱ्हाईकाला विकतानाच सांगावे, म्हणजे माल परत येत नाही.

काम भाद्रपदातच वाटावे. संक्रांत सरली की वाटूरच्या बाजारात टोपीला कोणी हात लावत नाही, आणि पैसा वर्षभर पेटीत पडून राहतो.

राहिला मजुरीचा प्रश्न. सरावाच्या हाताला एका जाड टोपीस तीन-चार तास लागतात. "बसल्या बसल्या होते" म्हणून आपण नगावर चार पैसे टेकवतो. त्याच बाईला कापूस वेचायला अर्ध्या दिवसाचे काय मिळते, ते गावात विचारून मगच आपला दर सांगावा. मी विचारले, तेव्हा मला दर वाढवावा लागला. टोपीची किंमतही वाढली. फाट्यावरच्या दूधवाल्याने थोडी घासाघीस केली आणि दोन घेतल्या.