जुन्या मोटारसायकलीचा कार्ब्युरेटर

रायपूरची चौबे कॉलोनी ही छत्तीसगडातील मराठी माणसाच्या परिचयाची वस्ती आहे. महाराष्ट्र मंडळाची वास्तू येथेच आहे. आणि १९५६ पर्यंत नागपूर ज्या राज्याची राजधानी होती त्याच राज्यात रायपूरही होते, हे ध्यानी घेतले म्हणजे येथे मराठी बोल कानी पडण्याचे नवल वाटत नाही. अशा जुन्या वस्त्यांतून एखाद्या घराच्या पडवीत वडिलांच्या वेळची बुलेट, जावा किंवा राजदूत धूळ खात उभी असते. किक मारली की ती दोनदा खोकते आणि गप्प बसते. 'इंजिन गेले, आता भंगारात द्या,' असा निर्णय घरात होऊन जातो. वस्तुतः प्लगवर ठिणगी पडत असेल, तर पुष्कळदा इंजिन शाबूत असते. त्याला श्वास पुरविणारे मुठीएवढे यंत्र, म्हणजे कार्ब्युरेटर, तेवढे गुदमरलेले असते. हे यंत्र घरी उघडून स्वच्छ करता येते. त्यासाठी बळापेक्षा टापटीप अधिक लागते.

प्रथम त्याचे कार्य समजून घेतले पाहिजे. इंजिनात पेट्रोल जळते ते द्रवरूपाने नव्हे, तर हवेत मिसळलेल्या बाष्पाच्या रूपाने. वजनाने एक भाग पेट्रोलास सुमारे पावणेपंधरा भाग हवा लागते. हे मिश्रण करण्याची युक्ती साधी आहे. रुंद नळीचा गळा मध्येच अरुंद केला, की तेथून जाणाऱ्या हवेचा वेग वाढतो आणि दाब उतरतो. इटालियन शास्त्रज्ञ व्हेंच्युरी याने १७९७ साली प्रवाहाच्या या गुणाचे विवेचन केले. कमी दाबाच्या त्या जागी बारीक छिद्र ठेवले, म्हणजे खालच्या वाटीतील पेट्रोल आपोआप वर ओढले जाते आणि त्याचे तुषार हवेत मिसळतात. वाटीतील पेट्रोलची पातळी कायम राखण्यासाठी एक फ्लोट असतो. गच्चीवरील पाण्याच्या टाकीत तरंगता गोळा वर आला की नळ बंद होतो. तोच प्रकार येथे फ्लोट आणि त्याची सुई करतात.

पेट्रोलला वर येण्याच्या वाटा मुख्यतः तीन. इंजिन मंद गतीने चालते तेव्हा पायलट जेट पेट्रोल देतो, मधल्या गतीत स्लाइडला लटकलेली निमुळती सुई प्रमाण ठरविते आणि मूठ पूर्ण पिळली की मेन जेटची सत्ता चालते. म्हणूनच गाडीच्या तक्रारीवरून दोषाची जागा ओळखता येते. सिग्नलपाशी गाडी बंद पडत असेल तर पायलट जेट पाहावा. चढावर दम तुटत असेल तर मेन जेट. चालू न केलेल्या गाडीत वाटीतील पेट्रोल उडून जाते आणि मागे डिंकासारखा चिकट थर उरतो. रायपूरच्या उन्हाळ्यात पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तेव्हा ही क्रिया अधिकच त्वरेने घडते. पायलट जेटचे छिद्र सुईच्या अग्रासारखे. ते बुजण्यास थोडा मळ पुरतो.

कामाची जागा मोकळ्या हवेतील असावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ज्योतीपर्यंत पोहोचू शकते; म्हणून स्वयंपाकघर, देवघरातील समई आणि विडीकाडी यांपासून दूर बसावे व जवळ वाळूची बादली ठेवावी. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर कॉक बंद करून नळी काढावी. वरचे झाकण फिरविले की स्लाइड आणि सुई बाहेर येतात. सुईवर खाचा असतात. क्लिप कोणत्या खाचेत आहे ते लिहून ठेवावे. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत फिरवावा, किती फेरे झाले ते टिपावे, मगच बाहेर काढावा. प्रत्येक भाग निघाल्या क्रमाने पांढऱ्या कापडावर मांडावा.

धुण्यासाठी बाजारात मिळणारा कार्ब्युरेटर क्लीनर उत्तम. तो डोळ्यांत उडू नये म्हणून चष्मा लावावा. रबरी व प्लास्टिकचे भाग त्यात भिजवू नयेत. सांगाडा बहुधा जस्ताच्या मिश्रधातूचा असल्याने तेजाब वर्ज्य. जेटमध्ये पोलादी तार घालण्याचा मोह टाळावा. पितळ मऊ असते, छिद्र केसभर रुंदावले तरी मिश्रणाचे प्रमाण कायमचे बिघडते. पंपाने हवा मारावी आणि जेट उजेडासमोर धरावा. स्वच्छ, वाटोळा प्रकाश दिसला म्हणजे काम झाले. सांगाड्यातील प्रत्येक मार्गात एका तोंडाने क्लीनर सोडून तो दुसऱ्या तोंडाने निघतो की नाही, ते पाहावे. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल डुचमळत असेल तर तो फुटलेला आहे. फ्लोटच्या सुईच्या टोकावर कडे उमटले असेल तर ती बदलावी, नाहीतर पेट्रोल वाहू लागते.

जोडताना गॅस्केट आणि ओ-रिंग नवीन घ्याव्यात. नट आवळण्यात अतिरेक झाला की कार्ब्युरेटरचा कडा वाकतो, फटीतून जादा हवा शिरते आणि सारी मेहनत फुकट जाते. जुन्या बुलेटवरील अमल कार्ब्युरेटरात हा दोष विशेष आढळतो. स्लाइडची कापलेली बाजू एअर फिल्टरकडे यावी. मूठ सोडताच स्लाइड खट्कन खाली पडली पाहिजे. ती अडकत असेल तर गाडी चालूच करू नये. मग इंजिन तापवून हवेचा स्क्रू टिपलेल्या जागेच्या मागेपुढे थोडाथोडा फिरवावा आणि चाल जिथे एकसारखी लागेल तिथे ठेवावा. काही दिवसांनी प्लग पाहावा. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढुरका रंग म्हणजे हवा जास्त, फिकट तपकिरी म्हणजे योग्य.

या कामाला आज एक नवे निमित्त मिळाले आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ ची मानके लागू झाली आणि नव्या मोटारसायकलींवरून कार्ब्युरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्यानंतर २०२३ पासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल पंपांवर येऊ लागले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते, जुन्या प्रकारचे रबर फुगविते आणि जस्ताच्या भागांना गंज चढविते. शिवाय त्याला जळण्यास हवा कमी लागते; त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी घडविलेल्या कार्ब्युरेटरात तेच मिश्रण पातळ ठरते. इंजिन अवाजवी तापते, आणि दोन-स्ट्रोक गाडीत तर पिस्टन जाम होण्याची धास्ती असते. अशा वेळी प्लग पांढुरका दिसू लागला तर मेन जेट एक क्रमांक मोठा घालावा आणि इथेनॉलला टिकणारी नळी व ओ-रिंग बसवाव्यात. मिश्रण नीट असले म्हणजे प्रदूषण तपासणीतही गाडी अडत नाही. आणि पंधरा वर्षे उलटलेल्या खाजगी वाहनाची नोंदणी पुढे पाच-पाच वर्षांसाठी वाढवून घेताना तिची प्रकृतीच पाहिली जाते.

एकदा स्वच्छ केलेला कार्ब्युरेटर पुन्हा बुजू नये, याचा उपाय फारसा खर्चाचा नाही. गाडी महिनाभर उभी राहणार असेल, तर कॉक बंद करून इंजिन आपण होऊन थांबेपर्यंत चालू ठेवावे. वाटी रिकामी होते, आणि डिंक धरण्यास आत पेट्रोलच उरत नाही.