कोल्हापूरचा लिओनार्दो? नव्हे, व्हेर्रोक्यो!

१४८२च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानच्या लुदोविको स्फोर्झाकडे नोकरीसाठी अर्ज केला. आपल्याला हलके पूल बांधता येतात, वेढा घालता येतो, तोफा ओतता येतात, झाकलेले युद्धरथ करता येतात, अशी लांबलचक यादी त्यात आहे. चित्रे काढता येतात, हे अगदी शेवटी. मिलानला गेल्यावर त्याच्याकडून दरबारी सोहळ्यांसाठी रंगमंचावरची यंत्रे आणि देखावेही करून घेतले गेले. मोनालिसाच्या गर्दीत हा रंगभूमीवरचा कारागीर हरवून जातो.

रंगभूमीचे पडदे रंगवता रंगवता यंत्राकडे वळलेला असाच एक कारागीर कोल्हापुरात होता. बाबूराव कृष्णराव मेस्त्री, म्हणजे बाबूराव पेंटर (१८९०–१९५४). चित्रकार, शिल्पकार, दिग्दर्शक, कॅमेऱ्याचा कर्ता. अशा माणसाला ‘आपला लिओनार्दो’ म्हणून टाकण्याचा मोह होतो. पण कागदपत्रे आणि आठवणी वाचत गेले की हे बिरुद सैल बसते, आणि दुसरेच एक इटालियन नाव समोर येते. त्याच्याकडे नंतर येऊ.

आधी आनंदराव. बाबूरावांचे हे चुलतभाऊ आज फक्त तळटीपेत उरले आहेत, आणि हा अन्यायच आहे. बाबूरावांचे शाळेतले शिक्षण जेमतेम. घरात मात्र सुतारकाम, लोहारकाम आणि मूर्तिकाम होते. दोघा भावांनी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवून नाव कमावले. केशवराव भोसल्यांच्या ‘ललितकलादर्श’चेही पडदे त्यांनी केले. १९१३मध्ये दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि या पडदेवाल्यांना हलणाऱ्या पडद्याचे वेड लागले. पण कॅमेरा आणायचा कुठून? तो विलायतेहून यायचा, त्याला पैसा लागायचा, आणि लवकरच महायुद्ध पेटले.

भावांनी मुंबईहून प्रोजेक्टर मिळवला. इथे थोडे थांबायला हवे, कारण सगळी गंमत या यंत्रात आहे. प्रोजेक्टरमध्ये फिल्म अखंड सरकत नाही. ती एक चौकट पुढे जाते, क्षणभर थांबते, तेवढ्यात झडप उघडते, प्रकाश जातो, झडप मिटते, की पुन्हा पुढची चौकट. सेकंदाला सोळाएक वेळा. कॅमेऱ्यात नेमके हेच घडते. फक्त प्रकाश बाहेरून आत येतो. म्हणजे ज्याला प्रोजेक्टर उमगला त्याला कॅमेऱ्याचे निम्मे गणित सुटले. उरलेले निम्मे भारी अवघड. फिल्मच्या कडेच्या भोकांत नेमकी अडकणारी नखी, झडपेशी तिचा मेळ आणि आत प्रकाशाचा कवडसाही न शिरू देणारी पेटी. यात केसभर चूक झाली तरी पडद्यावर चित्र थरथरते. तरीही आनंदराव या कामाला भिडले, आणि कॅमेरा पुरा होण्याआधीच १९१६मध्ये गेले.

तो पुरा केला बाबूरावांनी, आणि सोबत होते विष्णुपंत दामले. हे शिष्य म्हणून आलेले, पण यंत्रात विलक्षण डोके चालणारे. दुसरे शिष्य शेख फत्तेलाल, चित्रकार. ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’ उभी राहिली ती गायिका तानीबाई कागलकरांच्या पैशावर आणि शाहू महाराजांच्या आधारावर. देशातल्या सिनेमाच्या इतिहासात एका गाणाऱ्या बाईचे भांडवल पायाशी आहे, हे आपण पुरेसे मोठ्याने सांगत नाही.

पहिला चित्रपट ‘सैरंध्री’, १९२०. मुळात खाडिलकरांचे ‘कीचकवध’. कर्झनवरचे रूपक ओळखून सरकारने १९१०मध्ये हे नाटक बंद पाडले होते. बाबूरावांनी तीच कथा पडद्यावर आणली, तीही स्त्री भूमिकांत स्त्रियाच घेऊन. कीचकाच्या वधाचे दृश्य इतके खरे उतरले की सेन्सॉरने ते कापले. लोकमान्य टिळकांनी बाबूरावांना ‘सिनेमा केसरी’ म्हटले, आणि त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला टिळक गेले.

पुढची यादी झपाट्याने उरकू. ‘सिंहगड’ (१९२३) मध्ये कृत्रिम प्रकाश वापरून चित्रीकरण झाले, आणि बाबूराव स्वतः शिवाजी झाले. ‘कल्याण खजिना’ (१९२४) चे पोस्टर आज टिकून असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-पोस्टरांत गणले जाते. ते रंगवले बाबूरावांनीच.

‘सावकारी पाश’ (१९२५) मात्र वेगळा. नारायण हरी आपट्यांची कथा, शेत गिळणारा सावकार, आणि शहराकडे निघालेला तरुण शेतकरी. ही भूमिका व्ही. शांताराम यांची. पौराणिक मुकुटांच्या काळात बाबूरावांनी कॅमेरा कर्जबाजारी शेतकऱ्याकडे वळवला. विदर्भातल्या वाचकाला त्याचे महत्त्व वेगळे समजावून सांगावे लागू नये. या मूकपटाची प्रत आज हाती नाही.

आता ते दुसरे नाव. लिओनार्दो ज्याच्या कारखान्यात शिकला तो आंद्रेआ देल व्हेर्रोक्यो. सोनारकाम, शिल्प, चित्र, सगळे करणारा. १४७१मध्ये फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या घुमटावर सोन्याचा मुलामा दिलेला तांब्याचा गोळा चढवणाराही तोच. चरित्रकार व्हासारी सांगतो की शिष्याने रंगवलेला देवदूत पाहून गुरूने कुंचला खाली ठेवला. बाबूरावांच्या कंपनीत शांतारामांनी ‘नेताजी पालकर’ (१९२७) केला, दामले-फत्तेलाल यांनी ‘महारथी कर्ण’ (१९२८) केला, आणि १ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर यांनी सीताराम कुलकर्णींसोबत ‘प्रभात’ ही स्वतःची कंपनी काढली. मागे राहिलेली कंपनी थोड्याच वर्षांत बंद पडली.

याला गुरुद्रोह म्हणणारे आजही भेटतात. हा आरोप टिकत नाही. दिग्दर्शनाची संधी गुरूच्याच घरात मिळाली होती, आणि बोलपटाचा, हिशेबाचा काळ दाराशी होता. बाबूरावांचा पिंड कलावंताचा होता, कारखानदाराचा नव्हता. १९३७मध्ये व्हेनिसला दामले-फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’चा गौरव झाला, तेव्हा त्या कामात कोल्हापूरच्या कारखान्याचा हात होता. आणि पुढे, १९४७च्या ‘लोकशाहीर राम जोशी’साठी गुरूने शिष्य शांतारामांच्या ‘राजकमल’मध्ये काम केले.

म्हणून बाबूराव लिओनार्दो नव्हेत. व्हेर्रोक्यो आहेत, आणि हा मान कमी नाही. लिओनार्दोची उडती यंत्रे वहीत राहिली. बाबूराव आणि दामल्यांचा कॅमेरा चालला.

त्यांच्या बहुतेक मूकपटांच्या प्रती नाहीशा झाल्या आहेत. विदर्भात जुन्या थिएटरवाल्यांच्या, टुरिंग टॉकीजवाल्यांच्या किंवा नाटकवेड्या घरांच्या माळ्यावर नायट्रेटचा डबा, चित्रांकित जाहिरात वा जुने पोस्टर असेल, तर ते रद्दीत घालू नका. डबा ऊन आणि विस्तव यांपासून दूर ठेवा, नायट्रेट फिल्म भडकते. आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा.